भिंतीचे जुनेपण चित्रात कसे आणावे?

प्रश्न : अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून प्रेरणा घेऊन मी आईचे सहा फूट उंचीचे व्यक्तिचित्र कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिकमध्ये करतो आहे. टेक्स्चर पेस्टने भेगा पाडल्या, कडा झिजवल्या, वरून तपकिरी हात फिरवला. तरीही चित्र नाटकाच्या पडद्यासारखे वाटते. कोठे चुकते आहे?

उत्तर : भेगा आणि पोपडे ही काळाची करणी आहे, चित्रकाराची नव्हे, आपण नेमकी तीच उचललीत. अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातला पद्मपाणी, म्हणजे हाती कमळ धरलेला बोधिसत्त्व, पाचव्या शतकात रंगवला गेला, तेव्हा त्याचा गिलावा नवाकोराच होता. आज त्याच्यासमोर आपले पाऊल थबकते ते धनुष्याकृती भुवया, झुकलेल्या पापण्या आणि नाकाच्या दांड्यावरचा उजळ पट्टा यांमुळे, म्हणजेच रेषेमुळे आणि मोजक्या छटांमुळे.

तेथील कामाची पद्धत पाहावी. माती, भुसा आणि वनस्पतींचे तंतू कालवून केलेल्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात दिला जाई आणि तो वाळल्यावर तांबड्या रेषेने आकृती बांधून, रंग भरून, शेवटी गडद रेषेने ती पुन्हा पक्की केली जाई. इटलीतल्या पाँपेई या प्राचीन रोमन शहराच्या भिंतींवर मात्र मुख्यतः ओल्या चुन्यावरच रंग लावलेले आहेत. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने चुना कठीण होताना रंग त्यात कोंडला जातो. आपल्याला कोरड्या थरावर रंगवण्याची अजिंठ्याचीच वाट सोयीची आहे. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि पांढरा एवढ्यावर काम भागवावे. अ‍ॅक्रिलिकची चकाकी तर आधी घालवावी, कारण भिंत कधी चकाकत नाही (वॉर्निशचा मोह आम्हालाही अनेकदा झाला आहे). खराखुरा चुन्याचा थर हवा असेल, तर कॅनव्हासऐवजी घट्ट लाकडी फळी घ्यावी. कापड हलले की चुना तडकतो आणि त्या भेगा आपल्या मर्जीने पडत नाहीत.

आकाराचा प्रश्न मात्र वेगळा आहे. प्राचीन इजिप्तमध्ये तांबड्या रंगात बुडवलेली दोरी भिंतीवर ताणून चौकटी आखत आणि उभी आकृती तळपायापासून केसांच्या रेषेपर्यंत अठरा घरांत बसवत. चक क्लोज या अमेरिकन चित्रकाराने १९६७-६८ मध्ये सुमारे नऊ फूट उंचीचे आत्मचित्र केले, तेही छायाचित्रावर चौकटी आखूनच. आपणही तेच करावे. पण छायाचित्रातल्या बारीकसारीक छटा जशाच्या तशा मोठ्या करू नयेत. डोळा तळहाताएवढा झाला की त्या छटा विरून जातात आणि सारा भार रेषेवर येतो.

म्हणून कॅनव्हासला किंवा फळीला हात लावण्याआधी एकच डोळा, भुवईसह, प्रत्यक्ष मापात कागदावर गेरूने काढून भिंतीला लावावा आणि बारा पावलांवरून पाहावा. त्यात आईची नजर ओळखू येईपर्यंत दुसरा रंग उघडू नये.