‘चार्ज’ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

प्रश्न असा आला आहे : फोन चार्ज होतो, नवा अधिकारी चार्ज घेतो, बिलात जादा चार्ज लागतो, पोलीस चार्जशीट दाखल करतात आणि घोडदळ शत्रूवर चार्ज करतं. हे सगळे एकाच शब्दाचे अर्थ, की योगायोगाने सारखे दिसणारे निरनिराळे शब्द? आणि या सगळ्यांना पुरेल असा एखादा मराठी शब्द आहे का?

शब्द एकच आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र ‘नाही’. तरी ‘बार’ हा शब्द बराच जवळ जातो, त्याच्याकडे येतोच.

लॅटिनमध्ये ‘कारुस’ म्हणजे गाडा. रोमनांनी हा शब्द गॉल लोकांकडून, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागातल्या प्राचीन रहिवाशांकडून, उचलला. त्यावरून पुढे ‘कारिकारे’ हे क्रियापद झालं : गाड्यात माल भरणे. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं ‘चार्जिए’ झालं आणि तिथून तेराव्या शतकात शब्द इंग्रजीत शिरला. नंतर फ्रेंचांनी आपल्या ‘च’चा ‘श’ केला, पण इंग्रजीने आधीच उचललेला ‘च’ तसाच राहिला. म्हणून इंग्रजीत ‘चार्ज’, आणि राजदूताच्या गैरहजेरीत वकिलात सांभाळणारा तो फ्रेंच उच्चाराचा ‘शार्जे दाफेर’, म्हणजे ज्याच्यावर कामकाज लादलंय असा. त्याच गाड्यातून कार, कॅरी आणि स्पॅनिशमार्गे आलेला कार्गो उतरले. कॅरिकेचरही इटालियनमधलं ‘जादा भरलेलं’ चित्रच : नाक वाजवीपेक्षा मोठं, हनुवटी वाजवीपेक्षा लांब.

तेव्हा मूळ अर्थ ओझं चढवणे. माणसावर काम चढवलं की तो इन्चार्ज. वस्तूवर पैसे चढवले की तो तिचा चार्ज. गुन्हा चढवला की कोर्टातला चार्ज. हल्ल्याचा अर्थ जरा वळसा घेऊन आला आहे : भाला वारासाठी आडवा धरून सज्ज करणे म्हणजे चार्ज करणे, आणि भाला तसा धरला की पुढची पायरी घोडा दामटणे.

पण खरी गंमत बंदुकीत आहे. नळीत ठासायची दारू म्हणजे तिचं ओझं, म्हणून तिला चार्ज म्हणू लागले. ती उडाली की डिस्चार्ज. 1745–46च्या सुमारास वीज साठवणारी काचेची बरणी निघाली, लायडन जार. तीही भरायची आणि एका ठिणगीत रिकामी करायची. बंदुकीचे शब्द तिला चपखल बसले. बेंजामिन फ्रँकलिनने 1749 साली बरणीसारखीच वीज साठवणारी काचेची अनेक तावदानं एकत्र जोडली आणि त्या संचाला ‘बॅटरी’ म्हटलं. बॅटरी म्हणजे तोवर तोफांचा संच. म्हणजे फोनची बॅटरी, तिचं चार्जिंग आणि डिस्चार्ज होणं, ही सगळी परिभाषा तोफखान्यात तयार होती.

आता मराठी पाहा. बंदुकीत आपण ‘बार’ भरतो, मग बार उडतो, कधी फुसका निघतो. हा बार फारसीतला, आणि फारसीत बार म्हणजे ओझं! ‘बारदान’ त्याच घरातलं. फारसी ‘बार’ आणि संस्कृत ‘भार’ हे सख्खे भाऊ, आणि इंग्रजीतलं ‘बर्डन’ त्यांचं चुलत भावंड. म्हणजे दारूच्या ठासणीला ‘ओझं’ म्हणावं हे फ्रेंचांना सुचलं, तसंच फारसीच्या वाटेने आपल्याकडेही आलं. ही कल्पना कोणी कोणाकडून उसनी घेतलेली नसावी. नळी भरताना पाहिलं की ती कुणालाही सुचेल.

बाकीचे अर्थ मराठीने निरनिराळ्या शब्दांत वाटून दिले, पण बहुतेक ठिकाणी चित्र तेच : अंगावर काहीतरी चढणं. अधिकारी पदभार घेतो. व्याज चढतं, कर लादला जातो. ‘आरोप’मध्ये तर संस्कृतचा ‘रुह्’ म्हणजे चढणे हा धातू आहे. आरोप म्हणजे चढवणे, वर ठेवणे. वृक्षारोपण आणि दोषारोपपत्र यांचा धातू एकच, हे लक्षात आलं तेव्हा मला बराच वेळ हसू आवरेना.

भाषांतर करताना खरा फसवा प्रकार ‘चार्ज्ड विथ’ हा आहे. ‘चार्ज्ड विथ थेफ्ट’ म्हणजे चोरीचा आरोप. ‘चार्ज्ड विथ इन्व्हेस्टिगेटिंग द थेफ्ट’ म्हणजे चोरीच्या तपासाची जबाबदारी. एकदा घाईत मी दुसऱ्याचं पहिलं केलं आणि बिचाऱ्या तपास अधिकाऱ्यालाच आरोपी करून टाकलं. पुढे गुन्ह्याचं नाव आहे की करायचं काम, एवढं पाहिलं की बहुतेक वेळा निभावतं. ‘चार्ज फॉर’ आलं तर पैसे, ‘चार्ज ॲट’ आलं तर बाजूला व्हा.

दुसरा खड्डा नामाचा. ‘द नर्स अँड हर चार्ज’ यातला चार्ज म्हणजे नर्सने घेतलेले पैसेही नव्हेत आणि तिचं पदही नव्हे. तिच्या ताब्यात दिलेलं मूल. इथे ओझं वाहणारा नव्हे, ओझंच चार्ज झालं आहे. मराठीत सरळ ‘तिच्याकडे सोपवलेलं मूल’ म्हणावं.

प्रतिशब्दांबद्दल माझं मत विचारलंत म्हणून सांगतो. पदासाठी ‘पदभार’ किंवा ‘कार्यभार’ रुळलेले आहेत. कोर्टासाठी ‘आरोप’, पैशासाठी ‘शुल्क’ किंवा ‘आकार’. विज्ञानाच्या पुस्तकातला ‘प्रभार’ पुस्तकात शोभतो. ‘चार्ज्ड ॲटमॉस्फिअर’ला मात्र कोशात जायची गरजच नाही, ‘भारलेलं वातावरण’ मूळ इंग्रजीपेक्षा सरस आहे. आणि फोन? तो चार्जलाच लावा. ‘दूरध्वनी प्रभारित करतो’ म्हणणाऱ्याचा फोन लवकर भरत नाही, आणि ऐकणारा तोवर निघून गेलेला असतो.