घरपट्टीचा पैसा जातो कुठे, हे विचारायचं कसं?

प्रश्न : आमची सोसायटी महानगरपालिका हद्दीत आहे. घरपट्टीच्या बिलात सर्वसाधारण कर, सफाई कर, मलनिस्सारण कर, पाणीपट्टी, शिक्षण उपकर अशा ओळी आहेत. पाणी मात्र टँकरचं आणि रस्त्यावर खड्डे. हा पैसा कुठे खर्च झाला ते बिलावर छापेपर्यंत कोणीच भरायचं नाही, असं सभासदांनी ठरवलंय. हे कायद्यात बसतं का?

उत्तर : नाही बसत. तुमचा राग रास्त आहे, पण घरपट्टी अडवू नका. कर हा सेवेचा मोबदला नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये शिरूर मठ प्रकरणातच स्पष्ट केलंय. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढते, पुढे जप्तीही येऊ शकते. हरकत लेखी नोंदवा आणि भरून टाका.

आता बिल घेऊन एकेक ओळ तपासा. शिक्षण उपकर राज्य सरकारचा, १९६२ च्या कायद्याखालचा. महापालिका तो फक्त गोळा करते, त्यामुळे त्याचा हिशेब तिच्याकडे मागण्यात अर्थ नाही. रोजगार हमी उपकर बिगरनिवासी मिळकतींवर लागतो. राहत्या फ्लॅटच्या बिलात तो दिसला, तर मिळकतीच्या वापराची नोंद चुकलीय, लगेच दुरुस्तीचा अर्ज द्या. पाणीपट्टी कोणत्या मिळकतींवर लावायची, हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १३० मध्ये आहे. तुमच्याकडे पालिकेची जोडणी नसेल, तर तुमच्या भागात पाणीपुरवठ्याची व्यवस्था केल्याची जाहीर नोटीस कधी निघाली, तिची प्रत मागा. तुमच्या प्रकरणातला सर्वांत भक्कम मुद्दा मला हाच वाटतो. आकारणीविरुद्ध कलम ४०६ खाली अपील करता येतं, पण मुदत अवघी १५ दिवसांची असते आणि रक्कम आधी जमा करावी लागते. तेव्हा बिल कधी मिळालं ते आजच बघा.

खर्चाचा तपशील बिलावरच छापा, अशी सक्ती या अधिनियमात नाही. ती असायला हवी, असं माझं ठाम मत आहे. पैसे देणाऱ्याला हिशेबासाठी खेटे घालायला लावणं अन्यायाचं आहे. तोवर माहिती अधिकार कायदा, २००५ वापरा. कलम ४(१)(ख) नुसार प्रस्तावित खर्च आणि वितरित रकमांचे अहवाल पालिकेने न मागता जाहीर करायचे असतात. त्यापलीकडचं मागायला १० रुपये शुल्काचा अर्ज करा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, म्हणून रस्त्याचा वेगळा, पाण्याचा वेगळा.

‘पैसा कुठे गेला?’ असं लिहू नका. माहिती अधिकारी कारणं द्यायला बांधील नसतो, त्याच्याकडच्या नोंदी द्यायला असतो. तुमच्या रस्त्याचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिका आणि ठेकेदाराला दिलेली देयकं नाव घेऊन मागा. मोजमाप पुस्तिकेत किती लांबीचं, किती जाडीचं डांबरीकरण झालं हे लिहिलेलं असतं. ते रस्त्यावर टेप लावून ताडून पाहता येतं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील दाखल करा.