वाचकांचे प्रश्न : जुन्या लॅपटॉपवर व्हिडिओ एडिटिंग

प्रश्न : लॅपटॉप २०१७चा आहे. इंटेल आय५-७२००यू, ८ जीबी रॅम, एनव्हिडिया ९४०एमएक्स, साधी हार्ड डिस्क. मोबाइलवरचं ४के शूटिंग शॉटकट या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट करतो. टाइमलाइन अडखळते, आणि एक्स्पोर्टला एनव्हिडियाचा एन्कोडर निवडला की एरर येते. ग्राफिक्स कार्ड गेलं का? (सांगली)

उत्तर : कार्ड ठणठणीत आहे. बहुतेक ९४०एमएक्समध्ये व्हिडिओ एन्कोडर, म्हणजे तयार व्हिडिओ दाबून फाइलमध्ये लिहिणारा भाग, मुळातच नसतो. ९२०एमएक्स, एमएक्स१३०, एमएक्स१५० यांचीही तीच गत. त्यामुळे ड्रायव्हर कितीही वेळा टाकला तरी एनव्हेंक (एनव्हिडियाचा एन्कोडर) चालणार नाही. तुमच्या कामाची वस्तू प्रोसेसरच्या पोटात आहे. इंटेल २०११पासून प्रोसेसरमध्येच क्विक सिंक नावाचं व्हिडिओसाठीचं वेगळं सर्किट देतं. तुमच्या सातव्या पिढीतलं क्विक सिंक एच.२६४ हा नेहमीचा व्हिडिओ फॉरमॅट तर हाताळतंच, त्याच्या पुढचा १०-बिट एचईव्हीसीही वाचतं आणि लिहितं. जुन्या लॅपटॉपमधलं हे सर्किट बहुतेकांच्या मशीनमध्ये न वापरता पडून असतं, याचं वाईट वाटतं.

एक्स्पोर्टच्या पॅनेलमध्ये खाली ‘यूज हार्डवेअर एन्कोडर’ आहे. त्याच्या शेजारच्या ‘कॉन्फिगर’मध्ये जाऊन ‘डिटेक्ट’ दाबा. मशीनवर खरोखर चालणाऱ्या एन्कोडरपुढेच खूण येईल. तुमच्याकडे क्यूएसव्ही (म्हणजे क्विक सिंक) असलेल्या ओळी दिसायला हव्यात. एनव्हेंकच्या ओळीवर हाताने खूण करू नका, तुमची एरर तिथलीच आहे. क्यूएसव्हीसुद्धा आलं नाही, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिस्प्ले अ‍ॅडाप्टर्स’ उघडा. तिथे इंटेल एचडी ग्राफिक्स ६२० ऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर’ दिसत असेल, तर इंटेलचा ड्रायव्हरच नाही. इंटेलच्या साइटवर सातव्या ते दहाव्या पिढीसाठी वेगळं पॅकेज आहे, तेच घ्या. नव्या पिढ्यांचं पॅकेज इथे बसत नाही.

बिटरेट, म्हणजे व्हिडिओच्या प्रत्येक सेकंदाला लागणारा डेटा, थोडा सढळ ठेवा. तेवढ्याच बिटरेटला हार्डवेअर एन्कोडरचं चित्र सॉफ्टवेअर एन्कोडरपेक्षा जरा कमी पडतं. पानं, पाणी, गर्दी अशा हलत्या बारकाव्यांत चौकोन दिसू लागतात. १०८०पी, ३० फ्रेमच्या व्हिडिओला यूट्यूब ८ मेगाबिट सुचवतं. तुम्ही १२ ठेवा.

एक्स्पोर्ट चालू असताना टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये इंटेलच्या जीपीयूवर (ग्राफिक्सच्या चिपवर) ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख पाहा, एन्कोडिंगही त्यातच दिसतं. तो २० टक्क्यांवर आणि सीपीयू १०० टक्क्यांवर असेल, तर घाबरू नका. शॉटकटचे फिल्टर, रंगसुधारणा, चित्र लहानमोठं करणं ही कामं सीपीयूच करतो. एन्कोडर त्याची वाट पाहत बसतो. म्हणून फिल्टर जास्त असतील, तर हार्डवेअर एन्कोडर लावूनही वेळ फारसा वाचत नाही.

टाइमलाइन अडखळण्याचं कारण मात्र वेगळं आहे. तिथे एन्कोडरचा संबंध नाही. शॉटकटच्या जुन्या आवृत्त्यांत क्लिप उलगडण्याचं (डिकोडिंगचं) काम सीपीयूवरच पडतं, आणि दोन कोअरच्या प्रोसेसरला ४के एचईव्हीसी झेपत नाही. यावर उपाय प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरती वापरायची क्लिपची हलकी, लहान प्रत. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘प्रिव्ह्यू स्केलिंग’ ५४०पी करा, मग ‘प्रॉक्सी’मध्ये ‘यूज प्रॉक्सी’ चालू करा. आधीच टाकलेल्या क्लिपसाठी ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘प्रॉक्सी’ बटणाखाली ‘मेक प्रॉक्सी’ आहे. प्रॉक्सी तयार होईपर्यंत एडिटिंग सुरू करू नका. अंतिम एक्स्पोर्ट मूळ फायलींवरूनच होतो, दर्जा घटत नाही.

खर्च करायचाच, तर आधी ५०० जीबीची साटा एसएसडी. नंतर रॅम. टास्क मॅनेजरच्या ‘मेमरी’त ‘स्लॉट्स यूज्ड’ पाहा. दोनपैकी एकच भरलेला असेल, तर आधीच्याच जातीची आणि क्षमतेची दुसरी पट्टी टाका. इंटेलचं ग्राफिक्स रॅममधूनच काम करतं, आणि दोन पट्ट्या झाल्या की रॅमची बँडविड्थ दुप्पट होते. पंख्यातली धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्टही बघून घ्या. प्रोसेसर तापला की आपला वेग स्वतःच कमी करतो आणि एक्स्पोर्ट सुरुवातीला भराभर, नंतर रखडत चालतो.

प्रश्न : मोबाइलवरची क्लिप लांब असली की शेवटी शेवटी आवाज आणि ओठ जुळत नाहीत. ग्राफिक्सचा दोष आहे का? (नाशिक)

उत्तर : नाही. मोबाइल बहुधा बदलत्या फ्रेमरेटने चित्रण करतो. उजेड कमी झाला की सेकंदाला ३० ऐवजी २४ फ्रेम, असं. टाइमलाइन मात्र ठरावीक वेगानेच चालते, म्हणून चित्र हळूहळू आवाजापासून सरकतं. अशी क्लिप शॉटकटमध्ये उघडल्यावर ती ‘एडिट-फ्रेंडली’ (ठरावीक फ्रेमरेटची) करायची का, असा प्रश्न येतो. तो टाळू नका. दर्जाच्या पट्टीवर ‘गुड’ पुरेसं आहे. ‘बेटर’मध्ये १०८०पीच्या मिनिटाला एक जीबीहून अधिक जागा जाते. जमलं तर आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घ्या.

प्रश्न : चौथ्या पिढीच्या आय३ लॅपटॉपला बाहेरून ग्राफिक्स कार्ड जोडता येईल का? आयफोनच्या क्लिप चालतच नाहीत. (पणजी)

उत्तर : बाहेरचं कार्ड ज्याला जोडतात, तो वेगवान थंडरबोल्ट पोर्ट त्या लॅपटॉपला असण्याची शक्यता जवळपास नाही, तेव्हा कार्ड विसरा. आयफोन एरवी एचईव्हीसीमध्ये चित्रण करतो, आणि चौथ्या पिढीत एचईव्हीसीसाठी हार्डवेअर डिकोडर नाही, खरी अडचण ती. आयफोनमध्ये ‘सेटिंग्ज’, ‘कॅमेरा’, ‘फॉरमॅट्स’ असं जाऊन ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा, चित्रण एच.२६४मध्ये होईल. ४के ६० फ्रेम मिळणार नाही, पण १०८०पी ३० फ्रेम या लॅपटॉपवर प्रॉक्सीच्या मदतीने एडिट होईल. आधीच्या क्लिप हँडब्रेक या व्हिडिओचा फॉरमॅट बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून एच.२६४मध्ये बदलून घ्या. वेळ बराच जाईल, म्हणून रात्री लावून ठेवा, आणि चार्जर जोडलेला असू द्या.