डाई यकृतात राहिली तर?

"मॅडम, ती डाई थेट यकृतात शिरते म्हणे. आधीच तिथं डाग, त्यात वर आणखी धातू कशाला?"

काकूंचं आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं. आता सोनोग्राफीत यकृतावर ठिपका दिसला, म्हणून डॉक्टरांनी काँट्रास्ट एमआरआय, म्हणजे नसेतून गॅडोलिनियम या धातूची डाई देऊन काढायचा एमआरआय, लिहून दिला होता. मोबाईलवर 'गॅडोलिनियम विषारी' सांगणारा व्हिडिओ होताच. असल्या व्हिडिओंत अर्धं खरं असतं, म्हणून ते खोडणं जड जातं.

सुटं गॅडोलिनियम विषारीच, हे मी आधी मान्य केलं. म्हणून ते मोठ्या रेणूत बांधून देतात. किडनी निकामी झालेल्या काही रुग्णांची कातडी अशा डाईनंतर कडक झाल्याचं २००६ मध्ये पुढे आलं. तेव्हापासून आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी, बघतात. काकूंचं नॉर्मल होतं. २०१७ मध्ये युरोपात यातल्या काही डाई थांबवल्या, पण काकूंना देणार होते ती, गॅडोक्सेटिक आम्लाची, यकृताच्या तपासणीपुरती चालू ठेवली. अगदी थोडा अंश अंगात राहू शकतो, हेही सांगितलं. डोस वजनाच्या किलोमागे ०.१ मिली, काकूंना जेमतेम सहा मिली.

"आणि यकृतात शिरते ते?"

"त्यासाठीच तर देतात, काकू."

यकृताच्या निरोगी पेशी साधारण निम्मी डाई आत ओढतात आणि पित्तावाटे आतड्यात सोडतात. उरलेली लघवीतून जाते. मशीनला डाई दिसत नाही, तिच्याजवळच्या पाण्याचा बदललेला सिग्नल दिसतो. निरोगी भाग पांढरा उजळतो. आतड्यातून पसरलेल्या गाठीत यकृताच्या पेशीच नसतात, त्यामुळे ती काळी राहते. काळं दिसलं म्हणजे कॅन्सरच, असं मात्र नाही. रक्तवाहिन्यांची साधी गाठही शेवटच्या फोटोंत काळीच दिसते. ती ओळखायला सोनोग्राफी नेहमी पुरत नाही, सुरुवातीचे, डाई रक्तात फिरत असतानाचे फोटो लागतात. तेव्हा श्वास रोखायला सांगतात आणि क्षणभर दम लागल्यासारखं होऊ शकतं. हे आधी माहीत नसलं की माणूस मशीनमध्ये हलतो आणि फोटो बिघडतात.

शेवटचे फोटो इंजेक्शननंतर वीसेक मिनिटांनी. "एवढा वेळ लागला म्हणजे काहीतरी सापडलं," असं बाहेर बसलेल्यांना हमखास वाटतं. पेशींना डाई ओढायला तेवढा वेळ लागतोच.

काकू उठल्या. "हे माझ्या मुलालाही सांगून ठेवा. माझ्यापेक्षा तोच जास्त घाबरलाय."