प्रश्न तुमचे: धर्मशाळेत बेघरांचा संसार

प्रश्न: नागपूरच्या महाल भागात आमच्या देवस्थानाची जुनी दुमजली धर्मशाळा आहे. विटा-चुन्याच्या भिंती, सागवानी खांब, वर कवेलू. वरचा १८०० चौरस फुटांचा मजला रिकामाच असतो. तिथे बेघर वृद्धांना कायमचं ठेवायचं आहे. वरच शौचालयं बांधली तर चालेल ना? (एक विश्वस्त, नागपूर)

उत्तर: नाही. लाकडी पाटणीवर (तुळयांवर टाकलेल्या फळ्यांच्या मजल्यावर) ओलं काम केलं की गळती खाली दिसेपर्यंत तुळईचं टोक कुजून गेलेलं असतं. टोक भिंतीत शिरतं, तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. सहज आत गेला तर उधई किंवा कूज आहेच. वर पॉलिश मारून भागणार नाही. संडास-न्हाणी मागच्या अंगणात वेगळी बांधा, जुन्या पायापासून निदान १० फूट लांब. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाया तिच्यासोबत हलतो. त्या मातीत पाणी मुरत नाही, म्हणून शोषखड्डा न करता गडर लाईनलाच (सांडपाण्याच्या वाहिनीला) जोडा. १००० लिटरची टाकी म्हणजे एक टन वजन. तीही कवेलूंच्या छपरावर नको, वेगळ्या स्टँडवर.

आणि वृद्धांना वर का ठेवता? रात्री जिना कोण उतरणार? त्यांना खाली द्या, वर धडधाकट माणसं. शहरी बेघर निवाऱ्यासाठी सरकारी माप माणशी ५० चौरस फूट आहे, त्या हिशोबाने वर ३६ जण बसतात. पण कायमचं राहायचं असेल तर प्रत्येकाला दार आणि कुलूप हवं. जाण्यायेण्याची वाट सोडून बारा-चौदा जणांपलीकडे जाऊ नका. आडभिंती विटांच्या नकोत, पाटणीला ते वजन झेपत नाही. सिमेंट बोर्ड लावा.

भिंतींवर सिमेंटचा गिलावा असेल तर काढून चुन्याचा करा. सिमेंटमागे ओल कोंडते आणि विटेचा भुगा होतो. कूलरही खिडकीच्या चौकटीला लटकवू नका. चार महिने ठिबकणारं पाणी पावसाइतकंच भिंत खातं!

कागद मात्र आधी. इमारत एखाद्या संस्थेला तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. देवस्थानच चालवणार असेल तर ट्रस्टच्या घटनेतल्या उद्देशांत हे काम बसतं का, ते वकिलाकडून तपासा. इमारत वारसा यादीत आहे का, हे महापालिकेच्या नगररचना विभागात विचारा. त्याआधी एकही कवेलू हलवू नका.