एरर नाणं की व्हाईसची करामत?

प्रश्न : एकजण ५ रुपयाचं नाणं 'मिंट एरर' (टाकसाळीत चुकून बिघडलेलं नाणं) म्हणून दोन हजाराला देतोय, आकड्याच्या बाजूवर सिंह उलटे, आत दबलेले दिसतात. फोटो पाठवलाय. घेऊ का? – एक वाचक, पंचवटी

उत्तर : अजिबात नको. टाकसाळीत आधीचं नाणं साच्याला चिकटून राहिलं की पुढच्या नाण्यावर असा उलटा ठसा येतो खरा, पण तेव्हा साचा झाकलेला असतो म्हणून तिथे ५ चा आकडा उमटतच नाही, आणि तुमच्या फोटोत तर चेपलेला ५ सरळ दिसतोय, म्हणजे दोन नाणी व्हाईसमध्ये (कारागिराच्या लोखंडी पकडीत) धरून आवळलीत, झालं. मागचे सिंहही बघा, त्या दाबाने सपाट झाले असतील. आणि 'नाशिकरोड प्रेसमधून आलंय' म्हणत असेल तर तिथे नोटा छापतात हो, नाणी नाही!