मे महिन्यात मालवणला जातेयस, तर बॅग अशी भर

पहिलं म्हणजे जीन्स घरी ठेव. कोकणात पारा नागपूरसारखा ४५ला जात नाही, पण हवा इतकी दमट असते की घाम अंगावरच राहतो आणि धुतलेली जीन्स दोन दिवस वाळत नाही. मलमल, पातळ खादी, लिनन घे. लिनन चुरगळतं, चुरगळू दे, तेच त्याचं रूप आहे. रेयॉन दुकानात छान वाटतं, पण घामाने अंगाला चिकटतं.

रंग आधी ठरव. ऑफ-व्हाइट आणि निळा धरलास तर दोन पॅन्ट, तीन टॉप, एक बिनबाह्यांचा ड्रेस एवढ्यात चार दिवस आरामात निघतात. सगळ्यात कामाचा कपडा म्हणजे सैल, लांब बाह्यांचा पांढरा शर्ट. तारकर्लीच्या किनाऱ्यावर ड्रेसवर उघडा घाल, उन्हापासून हात वाचतात. देवळात जाताना त्याचीच बटणं लाव. संध्याकाळी बाह्या दुमडून कानात ऑक्सिडाइज्डचे झुमके घातलेस की जेवायला जायला तयार! इंडिगोने रंगवलेला निळा कपडा मात्र आधी घरी वेगळा धू, नाहीतर घामाने रंग पांढऱ्यावर उतरेल.

सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडीने जायचं असतं, पाय भिजू शकतात. मागे पट्टा असलेल्या रबरी सँडल घे. चामड्याच्या कोल्हापुरीला खारं पाणी सोसत नाही. सुती ओढणी एक हवीच, डोक्याला आणि खांद्यांना. ओल्या कपड्यांसाठी वेगळी पिशवी विसरू नकोस.